फक्कीची रेष आणि चौदा कॅमेरे

२७ जून २०१०. रविवारची संध्याकाळ. आमच्या घरी टीव्हीसमोर दहा-बारा माणसं दाटीवाटीनं बसली होती. वर्ल्डकपचा सामना, इंग्लंड विरुद्ध जर्मनी, दक्षिण आफ्रिकेतलं ब्लूमफाँटेन शहर. घरातले निम्मे इंग्लंडचे, निम्मे जर्मनीचे आणि शेजारचे काका नेहमीप्रमाणे जो जिंकेल त्याचे. जर्मनीनं दोन गोल केले होते. इंग्लंडनं त्यातला एक फेडला आणि लगेचच फ्रँक लॅम्पार्डनं लांबून उचललेला बॉल आडव्या दांडीच्या खालच्या अंगाला आपटला, खाली पडला आणि उसळून पुन्हा बाहेर आला. ‘गोल!’ असं सगळं घर एका आवाजात ओरडलं. टीव्हीनं तोच क्षण पुन्हा दाखवला, तेव्हा बॉल रेषेच्या चांगला दीड-दोन फूट आत पडल्याचं लहान पोरालाही दिसलं. मैदानावर मात्र खेळ चालूच होता. पंचांनी शिट्टी वाजवली नव्हती, लाइनमननं झेंडा हलवला नव्हता.

घरातले सगळे त्या उरुग्वेच्या पंचाच्या नावानं बोटं मोडत होते. मी पडद्यावर लाइनमनला शोधत होतो. तो कुठे उभा आहे, त्याची मान कुठे वळली आहे, तो धावत होता की थांबला होता, हे मला पाहायचं होतं. कारण त्याच्या जागी मी एकदा उभा होतो. अर्थात वर्ल्डकपमध्ये नव्हे. कोल्हापुरात, पेठा-तालमींच्या फुटबॉलमध्ये.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात हे एक शहर फुटबॉलवेडं आहे. इथे संघ असतात ते तालमींचे आणि तरुण मंडळांचे. पेठेतल्या संघाचा सामना असला की त्या पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. मी शाळामास्तर, शाळा सुटल्यावर झेंडा आणि शिट्टी घेऊन मैदान गाठायचं, असं वीस-बावीस वर्षं केलं. १९९३ सालच्या मे महिन्यात एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मी लाइनमन होतो. शून्य-शून्य बरोबरी, शेवटची दहा मिनिटं. एकोणीस-वीस वर्षांच्या एका पोरानं पंचवीस यार्डांवरून असा काही फटका मारला, की बॉल थेट आडव्या दांडीच्या पोटाला लागला, खाली आदळला आणि बाहेर आला. आदळताना पांढरी फक्की उडाली, ती मी या डोळ्यांनी पाहिली. फक्की उडाली, म्हणजे बॉल रेषेवर पडला; रेषेवर पडला, म्हणजे गोल नाही. मी झेंडा खालीच ठेवला. सामना टायब्रेकरवर गेला आणि त्या पोराचा संघ हरला.

ती फक्की पुढे कित्येक वर्षं माझ्या डोळ्यांत राहिली. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी हे पाहू, की जगातल्या श्रीमंत फुटबॉलनं या प्रश्नाचं काय केलं आणि गरीब फुटबॉलच्या वाट्याला त्यातलं किती आलं.

नियम साधा, नजर अपुरी

फुटबॉलचा गोल ठरवणारा नियम शाळकरी मुलालाही पाठ असतो. दोन खांबांच्या मधून आणि आडव्या दांडीच्या खालून संपूर्ण बॉलनं संपूर्ण रेषा ओलांडली, की गोल. बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २२ सेंटिमीटर. रेषेची रुंदी जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर. बॉलचा केसभर भाग जरी रेषेच्या वरच्या हवेत राहिला, तरी गोल नाही. क्रिकेटमध्ये सीमारेषेला बॉल नुसता टेकला की चौकार. फुटबॉलचं बरोबर उलट आहे आणि घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे.

हा निवाडा करायचा कोणी? लाइनमनचं मुख्य काम ऑफसाइड पाहण्याचं. त्यासाठी त्याला शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहावं लागतं. म्हणजे लांबून फटका बसतो तेव्हा तो गोलरेषेच्या पंधरा-वीस मीटर मागे आणि जवळच्या खांबापासून तीस-पस्तीस मीटर दूर असतो, आणि पाहतो तेही तिरकं. ताशी १०० किलोमीटर वेगानं जाणारा बॉल एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर कापतो. सेकंदाला २५ चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमध्ये तो एक मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. जिथे कॅमेरा चुकतो, तिथे धावणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी काय करावं?

या प्रश्नाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ३० जुलै १९६६ चं. लंडनचं वेम्बली मैदान, वर्ल्डकपची अंतिम लढत, पुन्हा इंग्लंड आणि त्या वेळची पश्चिम जर्मनी. २-२ बरोबरीनंतर जादा वेळ चालू होता. जेफ हर्स्टचा फटका दांडीला लागून खाली आला. स्वीस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट धावत लाइनमनकडे गेले. सोव्हिएत संघाकडून आलेले, मूळचे अझरबैजानचे तोफिक बहरामोव्ह यांनी गोल झाल्याचं सांगितलं. इंग्लंड ४-२ नं जिंकलं आणि जगज्जेतं झालं. तो बॉल पूर्ण आत होता का, यावर जर्मन माणूस आजही ‘नाही’ म्हणतो. १९९० च्या दशकात ऑक्सफर्डच्या अभियंत्यांनी जुन्या चित्रफितींवरून गणित मांडलं, तेही ‘नाही’कडेच झुकलं. बहरामोव्ह यांचं नाव मात्र बाकूतल्या स्टेडियमला दिलं गेलं आणि तिथे त्यांचा पुतळाही उभा राहिला. लाइनमनचा पुतळा! माझ्यासारख्यानं हे वाचून हसावं की रडावं?

जाळी हीच पहिली युक्ती

गोलरेषेचं तंत्रज्ञान ही आजकालची गोष्ट आहे असं आपण समजतो. माझ्या मते तिची सुरुवात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी झाली. गोलखांबांना जाळी नव्हती तेव्हा बॉल खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावरच हमरीतुमरी व्हायची. लिव्हरपूलचे एक अभियंता जॉन अलेक्झांडर ब्रॉडी यांनी त्यावर जाळीची युक्ती काढली आणि १८९१ मध्ये ती वापरात आली. बॉल जाळीत अडकला, की वाद संपला.

जाळी स्वस्त होती, म्हणून ती खालपर्यंत पोहोचली. लंडनच्या मैदानावर आली तशी गोव्यात आली, कोलकात्यात आली, कोल्हापुरातही आली. नियमांच्या पुस्तकात आजही जाळी सक्तीची नाही, लावता येईल एवढंच म्हटलं आहे. तरी जाळीशिवाय सामना खेळवण्याची आज कोणाला कल्पना करवत नाही. सामन्याआधी दोन्ही जाळ्या तपासणं हे लाइनमनचं काम. सैल झालेला हूक, फाटलेला कोपरा पाहून सुतळीनं बांधायचा. माझ्या खिशात सुतळीचा गुंडा कायम असे.

ही सुतळी किती मोलाची, ते जर्मनीला १८ ऑक्टोबर २०१३ रोजी कळलं. बुंडेसलिगा या जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या स्पर्धेत हॉफेनहाइम विरुद्ध लेव्हरकुसेन सामना होता. लेव्हरकुसेनच्या श्टेफान कीसलिंगनं डोक्यानं मारलेला बॉल खांबाच्या बाहेरून गेला आणि बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत शिरला. पंचांनी पाहिलं तेव्हा बॉल जाळीत होता. गोल दिला गेला. लेव्हरकुसेन २-१ नं जिंकलं. हॉफेनहाइमनं तक्रार केली, ती फेटाळली गेली. पंचांनी मैदानावर दिलेला तो निर्णय कायम राहिला.

‘नाही’चं ‘हो’ कसं झालं

फुटबॉलचे नियम बदलण्याचा अधिकार ज्या मंडळाकडे आहे, ते १८८६ साली स्थापन झालेलं. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना एकेक मत आणि जागतिक संघटना फिफाला चार मतं. आठांपैकी सहा मतं पडल्याशिवाय नियमाचं पान हलत नाही. मार्च २०१० मध्ये या मंडळानं गोलरेषेच्या तंत्रज्ञानाला साफ नकार दिला. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांचं म्हणणं असं, की गल्लीत खेळणाऱ्या पोरांचा आणि वर्ल्डकपचा खेळ एकच असला पाहिजे. वर यंत्र आणि खाली माणूस, असं झालं की खेळ दोन होतील.

खरं सांगतो, हे वाचून मला बरं वाटलं होतं. कोणीतरी आमचा विचार करतंय, असं वाटलं. मग तीन-चार महिन्यांत ब्लूमफाँटेन घडलं. लॅम्पार्डचा गोल नाकारला गेला, इंग्लंड ४-१ नं हरलं आणि दोनच दिवसांत ब्लाटरसाहेबांनी माफी मागून या विषयाचा पुन्हा विचार करू, असं सांगितलं.

त्याआधी हे कधी झालंच नव्हतं, असं नाही. ४ जानेवारी २००५ रोजी मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर टॉटनहॅमच्या पेद्रो मेंडेसनं जवळजवळ अर्ध्या मैदानावरून मारलेला बॉल गोलरक्षक रॉय कॅरोलच्या हातातून निसटून रेषेच्या हातभर आत गेला. त्यानं तो बाहेर ओढला आणि सामना शून्य-शून्य सुटला. २५ फेब्रुवारी २०१२ ला मिलान विरुद्ध युव्हेंटस सामन्यात सुली मुंतारीचा असाच गोल नाकारला गेला. त्या मोसमात युव्हेंटसनं मिलानला चार गुणांनी मागे टाकून विजेतेपद पटकावलं. १९ जून २०१२ ला युरो स्पर्धेत युक्रेनच्या मार्को देविचचा बॉल इंग्लंडच्या जॉन टेरीनं रेषेच्या आतून बाहेर काढला. गंमत अशी, की त्या स्पर्धेत गोलजवळ लक्ष ठेवायला खास एक जादा पंच उभा केला होता. तो काही पावलांवर होता आणि त्यालाही दिसलं नाही. त्या रात्री मी बायकोला म्हणालो, ‘बघ, जवळ उभं राहूनही दिसत नाही.’ ती म्हणाली, ‘एकोणीस वर्षं झाली. आता तरी सोडा तो विषय.’

५ जुलै २०१२ रोजी झ्युरिकमध्ये नियम मंडळानं एकमतानं होकार दिला.

मनगटावरची थरथर

ही यंत्रणा चालते कशी? हॉकआय हे नाव आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. पॉल हॉकिन्स या इंग्रज तंत्रज्ञाची ही निर्मिती, २००१ साली क्रिकेटच्या प्रक्षेपणात आली. फुटबॉलमध्ये प्रत्येक गोलवर सात कॅमेरे उंचावर बसवतात, दोन्ही मिळून चौदा. प्रत्येक कॅमेऱ्यातलं चित्र संगणकाकडे जातं. वेगवेगळ्या कोनांतून दिसणाऱ्या बॉलवरून संगणक त्याची नेमकी जागा काढतो. बॉल पूर्ण रेषेपलीकडे गेला, की एका सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटी घड्याळात थरथर होते आणि गोल झाल्याची अक्षरं उमटतात. खेळ थांबवावा लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही. दुसरी एक पद्धत बॉलमध्ये चिप आणि गोलभोवती चुंबकीय क्षेत्र, अशी होती. पण कॅमेऱ्यांचीच सरशी झाली.

डिसेंबर २०१२ मध्ये जपानमधल्या क्लब वर्ल्डकपमध्ये हे पहिल्यांदा वापरलं गेलं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं २०१३-१४ च्या मोसमापासून ते घेतलं. १८ जानेवारी २०१४ ला मँचेस्टर सिटीच्या एडिन जेकोचा कार्डिफविरुद्धचा गोल या यंत्रानं तिथे दिलेला पहिला गोल ठरला. त्याच वर्षी १५ जूनला ब्राझीलमध्ये, फ्रान्स विरुद्ध होंडुरास सामन्यात, वर्ल्डकपच्या इतिहासात प्रथमच गोलचा निवाडा यंत्राच्या मदतीनं झाला.

आणि निवाडे किती बारीक! ३ जानेवारी २०१९ ला मँचेस्टर सिटीच्या जॉन स्टोन्सनं लिव्हरपूलविरुद्ध रेषेवरून बॉल हटवला, तेव्हा गोल व्हायला अवघे ११ मिलिमीटर बाकी होते. सिटीनं सामना २-१ नं जिंकला आणि मोसमाच्या शेवटी लिव्हरपूलपेक्षा एका गुणानं पुढे राहून विजेतेपद घेतलं. ६ ऑगस्ट २०२३ ला महिलांच्या वर्ल्डकपमध्ये स्वीडनच्या लीना हुर्टिगची पेनल्टी अमेरिकेच्या गोलरक्षिकेनं हवेत परतवल्यासारखी वाटली. घड्याळानं सांगितलं, गोल. बॉल मिलिमीटरच्या हिशेबात आत गेला होता आणि अमेरिकेचा बलाढ्य संघ त्या क्षणी स्पर्धेबाहेर पडला.

शिडीच्या कितव्या पायरीपर्यंत?

इथवर सगळं छान. पण फुटबॉल ही एक शिडी असते. इंग्लंडमध्ये सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० संघ. त्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकी २४ संघ. असे ९२ व्यावसायिक क्लब आणि त्यांच्याही खाली असंख्य छोटे. दरवर्षी खालचे काही वर चढतात, वरचे काही खाली घसरतात. प्रीमियर लीगला यंत्र मिळालं २०१३ मध्ये. दुसऱ्या पायरीवरच्या चॅम्पियनशिपला मिळालं २०१७ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या संघांनी आपापल्या मैदानांवर लाइनमनच्या डोळ्यांवरच भागवलं.

वास्तविक दुसऱ्या पायरीवरचा सगळ्यात चमत्कारिक गोल २००८ चाच. २० सप्टेंबरला वॉटफर्डविरुद्ध रेडिंगला असा एक गोल मिळाला, की बॉल गोलखांबाच्या चांगलाच बाहेरून गेला होता. लाइनमननं गोल असल्याचं सांगितलं, पंचांनी ते मानलं आणि खुद्द रेडिंगच्या खेळाडूंनाही कळेना की काय झालं. सामना २-२ सुटला. म्हणजे गरज खाली नव्हती असं नाही. पैसे खाली नव्हते.

जर्मनीत तर हे मतपेटीतूनच दिसलं. मार्च २०१४ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीच्या ३६ क्लबांनी गोलरेषेच्या तंत्रज्ञानावर मतदान केलं. दोनतृतीयांश मतं हवी होती. पहिल्या श्रेणीत ९ बाजूनं, ९ विरुद्ध. दुसऱ्या श्रेणीत ३ बाजूनं, १५ विरुद्ध. ठराव आपटला. कारण उघड होतं. काही लाख युरोंचा खर्च आणि मोसमात एखाद-दुसऱ्या वेळी उपयोग. त्या पैशात छोट्या क्लबाचा एक चांगला खेळाडू येतो, पोरांची अकादमी चालते.

पुढे दोन महिन्यांत, १७ मे २०१४ ला, जर्मन कपच्या अंतिम सामन्यात डॉर्टमुंडच्या माट्स हुमेल्सनं मारलेला बॉल रेषेच्या आतून बाहेर काढला गेला, गोल मिळाला नाही आणि बायर्न म्युनिक जादा वेळेत २-० नं जिंकलं. मग डिसेंबरमध्ये फक्त पहिल्या श्रेणीपुरतं पुन्हा मतदान झालं आणि ठराव १५ विरुद्ध ३ असा मंजूर झाला. दुसऱ्या श्रेणीला या वेळी विचारायची गरज उरली नव्हती. मोठ्या वाड्यात वीज आली. मागच्या चाळीत कंदील राहिला.

कपच्या स्पर्धांमध्ये तर याहून विचित्र दृश्य दिसलं. इंग्लंडच्या एफए कपमध्ये मोठा क्लब आणि छोटा क्लब एकमेकांसमोर येतात. मोठ्याच्या मैदानावर सामना असला तर यंत्र आहे. छोट्याच्या गावात असला तर नाही. एकाच स्पर्धेची एकच फेरी, पण गोल ठरवायच्या दोन तऱ्हा.

यंत्रालाही पापण्या असतात

यंत्र आलं म्हणजे चूक संपली, असंही नाही. फ्रान्सनं हॉकआयऐवजी दुसऱ्या कंपनीची यंत्रणा घेतली होती. जानेवारी २०१८ मध्ये लीग कपच्या एकाच संध्याकाळी दोन वेगवेगळ्या सामन्यांत ती चुकली, आणि फ्रेंच लीगनं करारच मोडला.

हॉकआयचं नाक कापलं गेलं १७ जून २०२० ला. कोरोनामुळे शंभर दिवस बंद असलेली प्रीमियर लीग त्या दिवशी सुरू झाली. अॅस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड, रिकामं मैदान. व्हिलाचा गोलरक्षक बॉल पकडून तोल जाऊन मागे गेला, तो बॉलसकट रेषेच्या आत. टीव्हीवर सगळ्या जगाला दिसलं. पंचांनी खेळाडूंना मनगटावरचं घड्याळ दाखवलं. ते गप्प होतं. गोलरक्षक, खांब आणि खेळाडू यांच्या गर्दीत सातही कॅमेऱ्यांची नजर अडली होती. नऊ हजारांहून जास्त सामन्यांत असं प्रथमच घडलं, असं सांगून कंपनीनं माफी मागितली. सामना शून्य-शून्य सुटला, व्हिलाला एक गुण मिळाला. मोसमाच्या शेवटी व्हिला ३५ गुणांवर वाचलं. बोर्नमथ आणि वॉटफर्ड ३४ गुणांवर खालच्या श्रेणीत घसरले.

यात मला खटकलं ते वेगळंच. तो पंच स्वतःच्या डोळ्यांनी काय दिसलं यापेक्षा घड्याळानं काय सांगितलं यावर विसंबून होता. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही तेच केलं असतं. पण यंत्र आलं, की माणूस पाहणं हळूहळू सोडतो, हेही खरंच.

स्पेननं तर पहिल्या श्रेणीतही हा खर्च नको म्हटलं. तिथले लीगप्रमुख खावियेर तेबास यांचं म्हणणं, वर्षाकाठी मोजक्या प्रसंगांसाठी एवढा पैसा कशाला? २६ नोव्हेंबर २०१७ ला व्हॅलेन्सियात लायनेल मेस्सीचा स्पष्ट गोल नाकारला गेला. नंतर व्हिडिओ पंच आले. तरीही २१ एप्रिल २०२४ ला रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या सामन्यात लामिन यमालचा बॉल आत गेला होता की नाही, हे कॅमेऱ्यांना ठामपणे सांगता आलं नाही. कारण नेमक्या रेषेवरून पाहणारं चित्रच नव्हतं. बार्सिलोना ३-२ नं हरलं. तेव्हा पैसा नसणं वेगळं आणि असून न काढणं वेगळं.

आपल्याकडे इंडियन सुपर लीगचे पहिले दहा मोसम, २०१४ पासून २०२४ पर्यंत, या यंत्राविनाच गेले. क्रिकेटमध्ये मात्र आपण या वाटेवर फार आधी गेलो होतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला टीव्ही पाहून तिसऱ्या पंचांनी बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर! नंतर निर्णय फेरतपासणीच्या पद्धतीला आपल्याच क्रिकेट मंडळानं कित्येक वर्षं विरोध केला, हा भाग वेगळा.

फिफानंही अलीकडे खालच्या पायऱ्यांचा विचार सुरू केला आहे. २०२४ साली कोलंबियात झालेल्या वीस वर्षांखालील मुलींच्या वर्ल्डकपमध्ये एक स्वस्त पद्धत वापरून पाहिली. वेगळे व्हिडिओ पंच नाहीत, मोजके कॅमेरे. प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाला दोनदा दाद मागता येते आणि मैदानावरचा पंच स्वतः पडद्यावर जाऊन पाहतो. क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या घरांत ही कल्पना कोणाला समजावून सांगायला नको. जाळीसारखी स्वस्त झाली, तर हीच पद्धत जाळीसारखी खाली उतरेल. चौदा कॅमेरे उतरणार नाहीत.

ती फक्की

आता राहिली १९९३ ची गोष्ट. त्या पोराचं एका खात्याच्या संघात नोकरीवर घेण्याचं बोलणं चाललं होतं, असं मला नंतर कळलं. ते पुढे सरकलं नाही. माझ्या न उचललेल्या झेंड्यामुळे की आणखी कशामुळे, कोण सांगणार? तो पुढे बापाच्या दुकानात बसला. मी त्या रस्त्यानं जायचं टाळत असे.

काही वर्षांपूर्वी एका लग्नात त्या सामन्यातला विरुद्ध बाजूचा गोलरक्षक भेटला. केस पांढरे झालेले, आता पेठेतल्या पोरांना शिकवतो. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसला आणि जिलेबी मोडता मोडता म्हणाला, ‘सर, एक सांगू का? रागवू नका. त्या दिवशी बॉल आत होता. चांगला वीतभर.’

घास माझ्या हातात राहिला. ‘अरे, पण फक्की उडाली ना! मी पाहिली.’

‘उडणारच की सर. सगळा सामना मी त्या रेषेवर बूट घासत होतो. निम्मी फक्की मीच आत ओढून नेली होती. रेष राहिली होती कुठं?’

म्हणजे मी जे पाहिलं ते खरं होतं आणि त्यातून जे काढलं ते खोटं. मी विचारलं, ‘मग तेव्हाच का नाही सांगितलंस?’

तो थोडा वेळ पानाकडे बघत राहिला. ‘तुम्ही विचारलं कुठं, सर?’

मला ब्लूमफाँटेनचा जर्मन गोलरक्षक मान्युएल नॉयर आठवला. बॉल आत गेल्याचं आपल्याला कळलं होतं, आपण झटपट बॉल उचलून खेळ चालू ठेवला म्हणून पंच फसले असावेत, असं त्यानं नंतर मोकळेपणानं सांगितलं होतं. मुंतारीच्या वेळी समोर असलेला जानलुइजी बुफॉन तर म्हणाला होता, की मला कळलं नाही, पण कळलं असतं तरी मी पंचांना मदत केली नसती. तेव्हा कोल्हापूरच्या एका पोराला मी कोणत्या तोंडानं बोलणार? आणि खरोखरच, मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे त्यालाही आज सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो. तो गल्ल्यावर होता. मी म्हणालो, ‘तुझा गोल होता. माझं चुकलं.’ तो हसला. म्हणाला, ‘मला माहीत होतं, सर. चहा घेणार?’ आम्ही चहा घेतला. त्याचा मुलगा शाळेच्या संघात खेळतो, असं कळलं.

आता मी झेंडा धरत नाही. गुडघे ऐकत नाहीत. पण शालेय मुलांच्या सामन्यांना जातो आणि संयोजकांकडे एकच हट्ट धरतो. मध्यंतरात दोन्ही गोलरेषा नव्यानं आखायच्या. पोरांनी घासून काढलेली माती सारखी करायची, दोरी धरायची आणि फक्की टाकायची. पाच मिनिटांचं काम. कोणी मोकळं नसेल, तर फक्कीचं घमेलं मी स्वतःच उचलतो.